मैनाबाईंचे नऊ ठिपके

दिगंबरचा फोन आला तेव्हा मी टिपेश्वरच्या वाघासाठी लेन्स पुसत होतो. वाघ मला आजवर दिसलेला नाही, पण लेन्स नेहमी तयार असते. दिगंबर माझा कॉलेजातला मित्र. मी संस्कृत घेऊन एम.ए. केलं आणि यवतमाळात विम्याच्या कचेरीत चिकटलो, त्यानं बी.ए. अर्धवट सोडलं आणि राळेगावला वडिलांची कपाशी सांभाळली. दोघांपैकी कोणाचं शिक्षण कामी आलं, हा वाद तीस वर्षं चालू आहे. तो मला पंडित म्हणतो. त्यात आदर नाही.

“पंडित, वाघ राहू दे,” तो म्हणाला. “मावशीचा फोटो काढाचा हाय. झरीकडं. शनिवारी ये.”

मावशी म्हणजे मैनाबाई. झरी जामणी तालुक्यातल्या एका लहानशा गोंड वस्तीतल्या. वीसेक हंगाम त्या दिगंबरच्या शेतात कापूस वेचायला येत होत्या. त्याची आई आणि मैनाबाई एकाच ओळीत वेचत आणि एकाच डब्यातलं खात. आता मैनाबाईंनी सत्तरी ओलांडली आहे आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांची सून सुनंदा गावची आशा वर्कर. तिनं खटपट करून यवतमाळला ऑपरेशनची तारीख मिळवली होती, येत्या बुधवारची. आणि मैनाबाई जायला तयार नव्हत्या. घरात त्यांचा एकच फोटो होता, ओळखपत्राचा. त्यात चेहऱ्यावर उजेड असा फाडकन मारला होता की गोंदण पार नाहीसं झालेलं. ऑपरेशनहून मी परत आले नाही तर भिंतीवर हाच लावाल, आणि ही बाई कोण म्हणून लोक विचारतील, असं त्यांचं म्हणणं. मेल्यावर दागिने इथंच राहतात, गोंदण तेवढं सोबत येतं. ते दिसेल असा फोटो आधी काढा, मग डोळ्याला काय करायचं ते करा.

मला हे काम सोपं वाटलं. कॅमेरा माझा बरा आहे आणि माणूस वाघासारखा पळून जात नाही.

शनिवारी सकाळच्या एसटीनं राळेगाव गाठलं. नोव्हेंबरात हा रस्ता करा, असं मी सगळ्यांना सांगतो. दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली असते, मध्ये तुरीच्या ओळी, आणि कमरेला ओटी बांधून बाया वेचत असतात. राळेगावच्या स्टँडसमोर तर्री पोहे खाल्ले. तर्री म्हणजे वरून ओततात तो लाल, तिखट रस्सा. ती मागून घ्यावी लागत नाही. नको असेल तर आधी सांगावं लागतं, आणि सांगितलं तरी थोडी येतेच. मग दिगंबरच्या गाडीतून वडकीला महामार्गाला लागलो आणि तासाभरात पांढरकवडा. इथं मुक्कामाला लॉज आहेत, पाचशे-सातशेत स्वच्छ खोली मिळते. पेट्रोल इथंच भरून घ्यावं, पुढं भरवसा नाही.

पांढरकवड्यानंतर रस्ता अरुंद होतो आणि सागवान जवळ येतं. एका वळणावर नीलकंठ तारेवर बसलेला दिसला, म्हणून मी गाडी थांबवून लांबची लेन्स लावायला घेतली. कॅमेरा उघडा, जुनी लेन्स काखेत, नवी हातात, आणि तेवढ्यात एक ट्रक आमच्या अंगावरून धुरळा उडवत गेला. नीलकंठही गेला.

“आत गेली असंल धूळ,” दिगंबर म्हणाला.

मी म्हणालो, फुंकर मारली आहे. तो म्हणाला, ट्रकनंही मारली.

वस्तीचं नाव मी मुद्दाम देत नाही. माझ्या प्रवासलेखांचे काही वाचक नाव दिसलं की रविवारी तिथं पोचतात, आणि त्या लोकांना कापूस वेचायचा असतो. पंधरा-वीस घरं, कुडाच्या भिंती, वर कवेलू म्हणजे कौलं, अंगण शेणानं सारवलेलं. सुनंदानं जय सेवा म्हणत नमस्कार केला, पाणी दिलं आणि एका कढईत उकडलेल्या तुरीच्या शेंगा पुढं ठेवल्या, मिठाच्या. त्यांची चव इथं लिहिण्याचा प्रयत्न मी करणार नाही, कारण त्या खाताना मी काहीच बोललो नव्हतो.

मैनाबाई आतल्या खोलीत होत्या. मी त्यांना अंगणात यायची विनंती केली. सुनंदा म्हणाली, उन्हात त्यांना डोळे उघडता येत नाहीत, चटके बसल्यासारखं होतं. फ्लॅशही नको, ओळखपत्राच्या वेळी तो लागल्यापासून त्यांना कॅमेऱ्याचा राग आहे. म्हणजे फोटो आतच काढायचा, आणि आत उजेड म्हणजे दारातून येईल तेवढा.

डोळे सरावल्यावर चेहरा दिसला. कपाळावर पाच ठिपके, चार कोपऱ्यांना चार आणि मध्ये एक. हनुवटीवर तीन. डाव्या गालावर एक. निळसर-हिरवे, कातडीबरोबर जुने झालेले. चेहरा असा की काढणाऱ्याला काही करायला उरू नये. मी मात्र बरंच केलं.

अंधारात फोटो काढताना काय होतं, ते ज्यांना कॅमेऱ्याचं वेड नाही त्यांच्यासाठी सांगतो. उजेड कमी म्हणून आपण आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, वाढवतो. ते जत्रेतल्या लाऊडस्पीकरचा आवाज वाढवण्यासारखं आहे: कीर्तनकार मोठा होतो आणि त्याच्या मागची खरखरही मोठी होते. फोटोतल्या या खरखरीला नॉईज म्हणतात. काळोख्या जागी बारीक, रंगीबेरंगी कण दिसतात. मी फोटो हलेल या भीतीनं शटरचा वेग एक-साठांशावर ठेवला आणि आयएसओ बारा हजारांच्या वर नेला. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दिगंबरनं फोटो पाहिला.

“रवा सांडला काय हो यावर?”

मी म्हणालो, रवा नंतर निवडता येतो.

संध्याकाळी पांढरकवड्याच्या लॉजवर लॅपटॉप उघडला आणि निवडायला बसलो. सॉफ्टवेअरमध्ये नॉईज घालवायची एक पट्टी असते. ती उजवीकडं सरकवली की कण विरघळतात. मी सरकवत गेलो. चेहरा हळूहळू उजळला, गुळगुळीत झाला, रेशमासारखा. खरं सांगतो, मला आनंद झाला. सकाळी बसस्टँडजवळच्या स्टुडिओत मोठा फोटो छापून, चौकट घालून घेतला आणि रविवारी दहाच्या सुमारास आम्ही पुन्हा वस्तीवर.

मैनाबाईंनी फोटो हातात घेतला. त्यांना तो दिसत नव्हता. काचेवरून बोटं फिरवली आणि मग शेजारच्या गंगूबाईंना हाक मारली. या दोघींचं गोंदण एकाच दिवशी झालेलं, साठ वर्षांपूर्वी. गंगूबाईंची नजर अजून सुईत दोरा ओवण्याइतकी शाबूत आहे, हे त्यांनी आल्याआल्या आम्हाला सांगितलं.

“कपाळावर किती हायेत?” मैनाबाईंनी विचारलं.

“पाच.” मग फोटो जवळ घेऊन, “पुसट हायेत, पण पाच.”

“हनुवटीवर?”

गंगूबाई फोटो दाराकडं घेऊन गेल्या. परत आणला. “हनुवटी लई गोरी झाली तुही.”

“अन् गाल?”

“गाल बी गोरा.”

मैनाबाईंनी फोटो मांडीवर पालथा ठेवला. “मंग हे मी नाई,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. “सुनंदा, बुधवारी मी येत नाई. दिगूले उगाच गाडी घेऊन कायले बोलावतं.”

सुनंदा बाहेर गेली. मीही गेलो. ती म्हणाली, सर, मागच्या महिन्यात आत्यांचा पाय चुलीतल्या निखाऱ्यावर पडला, टाचेची पट्टी तुम्ही पाहिली असेल. ही तारीख चुकली तर पुढची कधी मिळेल ठाऊक नाही, आणि डॉक्टरांनी सांगितलंय की मोतीबिंदू फार पिकू देऊ नका. मग म्हणाली, तुमची चूक नाही. हे तिनं म्हणायला नको होतं.

कारण चूक माझीच होती आणि ती कशी झाली ते मला त्या क्षणी लख्ख दिसलं. त्या पट्टीला काय ठाऊक, कण कोणता आणि गोंदण कोणतं. तिला एवढंच शिकवलेलं की गुळगुळीत जागेवर काळसर बारीक काही दिसलं तर ते पुसायचं. अंधुक उजेडात दोरीवर साप दिसण्याच्या चुकीबद्दल आमच्याकडं ग्रंथच्या ग्रंथ आहेत. खऱ्या सापाला भास समजून झाडून टाकणाऱ्याबद्दल मात्र कोणी काही लिहून ठेवलेलं नाही. बहुधा तो लिहायला उरला नसावा.

मूळ फोटो लॅपटॉपमध्ये होता. मी अंगणातल्या खाटेवर बसून पट्टी डावीकडं आणली. हनुवटीवरचे तीन ठिपके परत आले आणि त्यांच्याबरोबर आणखी तीनशे आले. दिगंबरनं वाकून पाहिलं. “आता तर मावशीच्या तोंडावर गोंदणाबिगर काहीच नाई राह्यलं.”

म्हणजे तो फोटो वाचवता येण्यासारखा नव्हता. मुळातच उजेड कमी घेतला होता, आणि जे घेतलंच नाही ते नंतर कुठून निवडणार. इलाज एकच: कॅमेरा पक्का ठेवायचा, आयएसओ खाली आणायचा आणि उजेडाला सावकाश येऊ द्यायचं. एक-साठांश सेकंदाऐवजी एक पूर्ण सेकंद. पण कॅमेरा हातात धरून एक सेकंद स्थिर राहणं माझ्या वयाला शोभत नाही, आणि तिपाई मी घरी ठेवून आलो होतो, माणसाचा फोटो तर काढायचाय म्हणून.

तिपाईचं काम सुनंदानं केलं. आतून एक स्टूल आणलं आणि त्यावर तुरीचं अर्धं भरलेलं पोतडं ठेवलं. कॅमेरा त्यात दाबून बसवला तर असा बसला की बाजारातल्या महागड्या तिपायांनी लाजावं. ज्यांना ही युक्ती वापरायची आहे त्यांनी तूर, ज्वारी, काहीही चालवावं. फक्त पोतं गच्च भरलेलं नको. आणि शटर बोटानं दाबू नका, दोन सेकंदांचा टायमर लावा.

उजेडाचं काम गंगूबाईंनी केलं. मी भिंतीकडं, दाराकडं, आढ्याकडं बघत उभा होतो, तर त्या म्हणाल्या, काहून एवढा इचार करून राह्यले? घरात धूर कोंडला की आम्ही कवेलू सरकवतो. दिगंबर शिडीवर चढला. छपरावरून त्याचं धापा टाकणं ऐकू येत होतं. मैनाबाईंच्या मागच्या अंगाला नको, पुढच्या भिंतीवर उजेड पडू दे, असं मी खालून सांगत होतो. तीन कवेलू सरकले आणि सारवलेल्या भिंतीवर उन्हाचा एक तुकडा उतरला. तो भिंतीवरून मऊ होऊन मैनाबाईंच्या चेहऱ्यावर आला. डोळे मिटावे लागले नाहीत.

आता उरला प्रश्न त्यांच्या हलण्याचा. एक सेकंद ऐकायला थोडा वाटतो, पण माझ्या घरातली माणसं कॅमेऱ्यासमोर पाव सेकंदही सरळ राहत नाहीत. आणि मला असे आठ फोटो हवे होते, एकाच जागेवरून, एकसारखे. मी मैनाबाईंना समजावायला लागलो, की हललं तर ठिपका पसरट येतो...

“गोंदताना बी तसंच हाय,” त्या म्हणाल्या. “हललं का ठिपका वाकडा होते. मायनं डोकं मांडीत दाबून धरलं होतं. लई रडली मी, पण हलली नाई. काढ तू.”

आयएसओ चारशे. लेन्सचं छिद्र लहान करून आठवर, म्हणजे नाकापासून कानापर्यंत सगळं रेखीव यावं. एक सेकंद. आठ वेळा. मैनाबाई बसल्या त्या बसल्या. श्वास दोन फोटोंच्या मध्ये घेत होत्या. हे मी सांगितलं नव्हतं. गंगूबाई दारात तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. छपरावर दिगंबरही गप्प होता, आणि हे मी तीस वर्षांत पहिल्यांदा अनुभवलं.

आठ कशाला, असं सुनंदानं नंतर विचारलं, दिगंबर छपरावर कवेलू परत बसवत होता तेव्हा. तिला सांगितलं ते इथंही सांगतो. नॉईजचे कण चंचल असतात. एका फोटोत इथं, दुसऱ्यात तिथं. आठ फोटो एकावर एक ठेवून त्यांची सरासरी काढली की चंचल ते एकमेकांना खोडतं आणि आठही वेळा जागेवर राहिलेलं तेवढं उरतं. वेदान्तात सत्याची व्याख्या हीच आहे: तिन्ही काळी बाधित होत नाही ते सत्य. हे मी जरा रंगात येऊन सांगितलं. सुनंदानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, जेवून घ्या सर. आंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर होती. व्याख्येपेक्षा सरस होती.

खाटेवर बसून आठ फोटो जुळवले. पट्टीला हात लावला नाही. चेहरा वर आला, सुरकुत्यांसकट, हनुवटीवरच्या तीन ठिपक्यांसकट. आम्ही दुपारीच पांढरकवड्याला पळालो. स्टुडिओवाल्यानं फोटो पडद्यावर घेतला आणि सवयीनं विचारलं, आजींचा चेहरा साफ करून देऊ का, लग्नाच्या अल्बमला सगळे करून घेतात. दिगंबरनं त्याचा माउसवरचा हात धरला.

“नको भाऊ. एका पंडितानं मागंच साफ केलता.”

ऊन उतरायच्या आत परत पोचलो. या वेळी मैनाबाईंनी मोजायला सांगितलं नाही. स्वतः एकेक ठिकाण सांगत गेल्या आणि गंगूबाई बोट ठेवून शोधत गेल्या. कपाळाचा मधला. हाय. त्याच्या वरच्या अंगाचे दोन. हायेत. खालचे दोन. हायेत. हनुवटीचे तीन. तिन्ही हायेत. डाव्या गालाचा. गंगूबाईंनी फोटो नाकाला लावला. मी माझ्या नकळत एक पाऊल पुढं गेलो होतो.

“हाय वं माय,” गंगूबाई म्हणाल्या. “अन् डोळ्याखाली पिशव्या बी हायेत तुह्या. सगळं हाय.”

मैनाबाईंनी फोटो मांडीवर उताणा ठेवला. मग सुनंदाला म्हणाल्या, “बुधवारी काय नेसू?”

संध्याकाळी परत निघालो. वडकीला चहा प्यायलो, त्यानं माझेही पैसे दिले. अशी गोष्ट आमच्यात क्वचित घडते.

बुधवारी ऑपरेशन झालं. नीट झालं. डॉक्टरांनी बोलावलं त्या दिवशी दाखवून झाल्यावर दिगंबर मैनाबाईंना आणि सुनंदाला थेट माझ्या घरी घेऊन आला, चहाला. काळा चष्मा लावून मैनाबाई माझ्या दारात उभ्या राहिल्या आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघून म्हणाल्या, आवाजावरून मी तुले उंच समजत होती.

चहा झाल्यावर त्यांनी पिशवीतून फोटो काढला. घरी लावायच्या आधी स्वतः पाहायचा म्हणून सोबत आणलेला. खिडकीचा पडदा सुनंदानं अर्धा ओढला. मैनाबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नव्या डोळ्यानं फोटो पाहू लागल्या. बोटानं, हळू, मनात मोजत. एकदा मोजून झालं. पुन्हा मोजलं.

“धा हायेत,” त्या म्हणाल्या.

मी उठून पाहिलं. उजव्या गालावर, जिथं काहीच नसायला हवं, तिथं एक ठिपका होता. गोल, करडा-निळसर, कडा जराशी विरलेली. इतर नवांच्या रांगेत कोणालाही खरा वाटेल असा. गंगूबाईंनी शोधले ते ठरलेले नऊ. दहावा शोधायचं कोणाला सुचणार. आणि मला तो सुचायला हवा होता. वळणावरचा ट्रक, उघडा कॅमेरा, माझी फुंकर. धुळीचा एक कण आत, चित्र टिपणाऱ्या सेन्सरवर जाऊन बसला होता. तो चंचल नव्हता. आठही फोटोंत जागचा हलला नव्हता, तिन्ही काळी बाधित न होता, आणि छिद्र लहान केल्यावर त्याची सावली आणखी रेखीव झाली होती. दिगंबर माझ्याकडं बघत होता. त्याला धूळ आठवत होती, आणि सुनंदाला सांगितलेली व्याख्याही त्यानं छपरावरून ऐकली होती.

मी सगळं कबूल केलं. कॅमेरा साफ करून घेतो, हा एवढा ठिपका पुसतो, नवा फोटो आठवड्यात पाठवतो म्हणालो. पुसण्यात आता माझा हात बसला आहे, हे दिगंबरनं जोडलं.

मैनाबाईंनी फोटो माझ्या हातातून परत घेतला, पदरानं काच पुसली आणि पिशवीत ठेवला.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “नऊ बसवले तं लई रडली होती मी. हे एक फुकटात भेटलं. दुखलं बी नाई.”